पंचावन्न शुक्रवार आणि एक गुरुवार

आज ना लढाई आहे, ना किल्ला. आज मी एका अल्बमबद्दल बोलणार आहे. कर्नलसाहेबांना या वयात हे काय सुचलं, असं काही जण म्हणतील. म्हणू द्या. इतिहास फक्त तोफांचाच असतो असं कुठं लिहून ठेवलंय?

गोष्ट सुरू झाली आमच्या घरात, चंडीगडच्या सेक्टर २२ मध्ये. मी साताऱ्याचा, नोकरी बॉम्बे सॅपर्समध्ये, आणि सासुरवाडी इथली. चंडीमंदिरला पोस्टिंग असताना लग्न झालं आणि निवृत्तीनंतर सासऱ्यांच्याच घरी वरच्या मजल्यावर राहायला आलो. घरजावई म्हणायचं तर म्हणा, मला त्याची लाज नाही. खाली उतरलं की दहा मिनिटांत किरण सिनेमा आणि शास्त्री मार्केट. अख्ख्या गल्लीत मराठी बोलणारा मी एकटा. म्हणून तर हा कॅमेरा लावून तुमच्याशी बोलत बसतो.

गेल्या दिवाळीत मुलगी बंगळूरूहून आली. रात्री जेवणं झाल्यावर म्हणाली, "बाबा, माझ्या कॉलेजच्या दिवसांतला सगळ्यात आवडता अल्बम ऐकवते." अल्बमचं नाव 'हेड्सटाउन'. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातली ॲनाइस मिचेल नावाची गायिका, तिनं २०१० साली काढलेला. ग्रीक पुराणातला ऑर्फियस आपल्या बायकोला परत आणायला पाताळात जातो, पाताळाचा राजा तिला सोडतो, पण अट घालतो की वाटेत मागं वळून पाहायचं नाही. ही कथा वीस गाण्यांत सांगितलेली. गिटार, ट्राँबोन, लोकगीतांसारखा साधा बाज, आणि प्रत्येक पात्राला वेगळा गायक. मुलगी म्हणाली, "याला इंडी फोक म्हणतात. आणि हा कॉन्सेप्ट अल्बम आहे. म्हणजे सुटी सुटी गाणी नाहीत, सगळी मिळून एकच गोष्ट."

मला तो आवडला, खरंच आवडला. पाताळाच्या राजाचा खर्जातला आवाज ऐकून तर मी सरळ बसलो. पण तोंडातून निघून गेलं, "अगं, हे आमच्याकडे १९५५ सालीच झालंय. गीतरामायण."

ती हसली. "बाबा, तो रेडिओचा कार्यक्रम होता. आणि त्यात तर एकच माणूस गातो. अख्ख्या प्रवासात एकाच काकांचा आवाज. मला वाटायचं ते स्वतःचीच गोष्ट सांगतायत."

मंडळी, हे वाक्य मला लागलं. ही मुलगी माझ्या मारुती ८०० च्या मागच्या सीटवर गीतरामायणाच्या कॅसेट ऐकत मोठी झाली. जोधपूर, तेजपूर, झाशी, जिथं बदली तिथं त्या कॅसेट. चाली तिला तोंडपाठ आहेत. पण मराठी तिला शाळेत मिळालं नाही आणि घरात मी बोललो ते हिंदी. कोणतं गीत कोणाच्या तोंडी आहे हे मी तिला एकदाही सांगितलं नाही. त्या रात्री ठरवलं की हा विषय नीट मांडायचा. तिच्यासाठी, आणि राज्याबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या मुलांसाठीही.

आधी 'अल्बम' या शब्दाचा हिशेब मिटवू. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीन-चार मिनिटांचं एकच गाणं बसायचं. जास्त गाणी विकायची तर अनेक तबकड्या पुठ्ठ्याच्या वहीत, फोटोंच्या अल्बमसारख्या घालून द्यायच्या. शब्द तिथून आला. १९४० साली अमेरिकेत वूडी गथ्री या लोकगायकानं 'डस्ट बोल बॅलड्स' नावाचा संच केला. दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी ओक्लाहोमाकडचे शेतकरी देशोधडीला लागले, घरदार मोडून कॅलिफोर्नियाकडे निघाले, त्यांची गाणी. पुष्कळ जण त्यालाच पहिला कॉन्सेप्ट अल्बम मानतात. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली आणि सलग ऐकण्याची सोय झाली. मग फ्रँक सिनात्राचा 'इन द वी स्मॉल अवर्स' आला. सोळा गाणी, सगळी रात्री झोप न येणाऱ्या एकट्या माणसाची. कॉन्सेप्ट अल्बमच्या इतिहासात याचं नाव हटकून घेतलं जातं. तो बाजारात आला एप्रिल १९५५ मध्ये.

आणि १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी, सकाळी पावणेनऊ वाजता आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायणाचं पहिलं गीत प्रसारित झालं. एकच महिना! अमेरिकेला पुण्याची खबर नाही, पुण्याला अमेरिकेची नाही.

पुण्यात हे का झालं, त्यालाही कारण आहे, आणि ते सहसा कोणी सांगत नाही. १९५२ पासून नभोवाणी मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. आपलेच मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे भोक्ते. सिनेमाची गाणी ऐकून लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं ठाम मत. त्यांनी आकाशवाणीवर फिल्मी गाण्यांची नाकेबंदी केली. लोकांनी सुई फिरवून रेडिओ सिलोन लावला आणि बिनाका गीतमाला ऐकायला सुरुवात केली. एक मोर्चा बंद केला की शत्रू दुसरीकडून येतो, हे मंत्र्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं. पण त्या हट्टातून एक चांगलं निघालं. फिल्मी गाण्यांची जागा भरायला केंद्राकेंद्रांत सुगम संगीताला बळ मिळालं. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं होतं, म्हणजे अगदी नवं. तिथं सीताकांत लाड नावाचे गोव्याचे रसिक अधिकारी होते. काहीतरी रंजक आणि उद्बोधक, वर्षभर चालेल असं, त्यांनी ग. दि. माडगूळकरांकडे मागितलं. माडगूळकरांनी रामकथा सुचवली आणि सुधीर फडक्यांकडे संगीत गेलं. दोघंही १९१९ चे. एक जन्मला शेटफळ्यात, दुसरा कोल्हापुरात. दोघंही सिनेमात मुरलेले. केसकरांनी सिनेमाला दारातून घालवलं, तो खिडकीतून रामायण घेऊन आत आला, असं मी गमतीनं म्हणतो.

फडक्यांविषयी एक गोष्ट फौजी माणूस म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५४ च्या ऑगस्टमध्ये दादरा-नगरहवेली पोर्तुगीजांच्या ताब्यातून सोडवली, त्या सशस्त्र मोहिमेत बाबूजी स्वतः होते. तिच्या निधीसाठी लताबाईंचा कार्यक्रम झाला होता. जो माणूस ऑगस्टमध्ये सिल्वासाच्या लढ्यात होता, तोच पुढच्या एप्रिलमध्ये पेटीवर रामायणाला चाली लावत बसला होता. त्या चालींतला ताठपणा कुठून आला, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

आता आकडा. योजना बावन्न आठवड्यांची, म्हणजे बावन्न गीतांची होती. झाली छप्पन्न. कारण त्या शकवर्षात अधिक महिना आला आणि कार्यक्रम तर रामनवमी ते रामनवमी चालवायचा होता. दुसरी रामनवमी आली १९ एप्रिल १९५६ ला. मी कॅलेंडर काढून मोजलं. १ एप्रिलपासून मोजलं तर पंचावन्न शुक्रवार बसतात आणि शेवटी रामनवमीचा गुरुवार. बरोबर छप्पन्न. पंचांगानं कवीला चार गीतं जास्तीची लिहायला लावली! दर आठवड्याला नवं गीत, शनिवारी-रविवारी त्याचीच पुनरावृत्ती. पहिल्याच गीताचा कागद ऐनवेळी हरवला, माडगूळकर रागावले, लाडांनी त्यांना खोलीत बंद केलं आणि त्यांनी पाव तासात सगळं गीत पुन्हा लिहून दिलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. सांगणाऱ्यानं थोडं तिखटमीठ लावलं असेलही. पण दर आठवड्याची ती घाई खरी होती. पुण्यातली वर्तमानपत्रं त्या त्या आठवड्याच्या गीताचे शब्द छापत, लोक ते कापून ठेवत.

आणि ते वर्ष कसलं? १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या सीमेवर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. ऑक्टोबरमध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला आणि मराठी माणसाला मुंबईसह आपलं राज्य मिळत नाही हे कळलं. नोव्हेंबरमध्ये फ्लोरा फाउंटनला गोळीबार, जानेवारीत पुन्हा. पेटलेल्या वर्षात दर शुक्रवारी सकाळी पावणेनऊला हे लोक रेडिओभोवती जमून वनवासाची गोष्ट ऐकत होते. दोन्हींचा संबंध जोडायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी फक्त तारखा शेजारी शेजारी ठेवतो.

माझी आई तेव्हा लग्नाची मुलगी होती, सदाशिव पेठेतल्या वाड्यात राहायची. रेडिओ होता वाड्याच्या मालकांकडे. परवाना पोस्टातून घ्यावा लागे, सगळ्यांना परवडत नसे. आई सांगायची की मालकीणबाई रेडिओला हार घालायच्या आणि आम्ही मुली जिन्यात बसायचो. पुढं माझ्याकडं कॅसेट आल्या तेव्हा मी मोठ्या कौतुकानं तिला ऐकवल्या. ती ऐकायची, पण प्रत्येक वेळी म्हणायची, "हे तसं नाही रे. तिथं सीता सीतेच्या आवाजात बोलायची." मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाची सवय, जुनं तेच सोनं. मी तिला एकदाही विचारलं नाही की तसं नाही म्हणजे कसं.

आईचं बरोबर होतं. मूळ कार्यक्रम अनेक आवाजांचा होता. राम गायचे स्वतः फडके. कौसल्येला ललिता फडके. सीतेची गीतं माणिक वर्मांनी गायली आणि रामानं टाकल्यानंतरचं तिचं शेवटचं गीत लता मंगेशकरांनी. वसंतराव देशपांडे, राम फाटक, गजानन वाटवे, सुरेश हळदणकर, मालती पांडे, चंद्रकांत गोखले, बबनराव नावडीकर, योगिनी जोगळेकर… एवढी माणसं एका केंद्रावर, एका वर्षात! साथीला व्हायोलिन प्रभाकर जोगांचं. आपण ज्या 'हेड्सटाउन'चं कौतुक केलं, त्यात पर्सिफनी वेगळी, ऑर्फियस वेगळा, पाताळाचा राजा वेगळा. तीच रचना पंचावन्न वर्षं आधी पुण्यात झाली होती. पुढं बाबूजींनी सगळी गीतं एकट्यानं गाऊन गावोगाव कार्यक्रम केले, रेकॉर्डी निघाल्या आणि घराघरांत राहिला तो हा एकच आवाज.

बाबूजींवर टीका करतोय असं समजू नका. एका माणसानं सगळी पात्रं उभी करायची ही आपली कीर्तनाचीच रीत. बुवा एका क्षणात दशरथ होतात, दुसऱ्या क्षणात कैकेयी. आणि तो एक आवाज नसता तर साताऱ्याच्या पोराच्या मारुतीतून हे रामायण तेजपूरपर्यंत गेलंच नसतं. पण कीर्तनात समोरच्याला शब्द कळतात. माझ्या मुलीला शब्द कळत नव्हते. तिच्यासाठी शूर्पणखा, शबरी आणि अहल्या सगळ्या एकच काका होत्या.

म्हणून मी तिला आधी रचना समजावली. मला विचाराल तर गीतरामायणाची खरी करामत चालींच्याही आधी रचनेत आहे. पहिल्या गीतात दोन कोवळी मुलं भर सभेत राजासमोर रामायण गातायत. राजा ऐकतोय, गोष्ट त्याचीच आहे, आणि गाणारी मुलंही त्याचीच आहेत. हे त्याला माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. मग एकेक पात्र येऊन आपापल्या तोंडानं बोलतं. कवी मध्ये येऊन 'मग असं झालं' सांगत बसत नाही. राज्याभिषेकाला सगळं संपलं असतं तर गोष्ट गोड झाली असती. माडगूळकर तिथं थांबत नाहीत. एका गीतात सीतेचे डोहाळे, आणि पुढच्याच गीतात ती वनात उभी राहून लक्ष्मणाला जाब विचारते. आई सांगायची, त्या आठवड्यात वाड्यात कोणी कोणाशी धड बोललं नाही. आणि छप्पन्नावं गीत वाल्मीकींचं. ते त्या दोन मुलांना सभेत कसं गायचं ते शिकवून पाठवतात. म्हणजे छप्पन्नावं गीत संपतं तिथून मुलं चालायला लागतात आणि पोचतात ती थेट पहिल्या गीतात! वर्तुळ पूर्ण होतं.

मुलगी उठूनच उभी राहिली. म्हणाली, "बाबा, 'हेड्सटाउन' पुढं नाटक म्हणून ब्रॉडवेवर गेलं ना, त्याचाही शेवट असाच आहे. गोष्ट दुःखात संपते आणि ते पुन्हा पहिल्यापासून गायला लागतात." त्या नाटकाला २०१९ चा टोनी पुरस्कार मिळाला. चला, म्हटलं, आता तरी अल्बम मानशील?

लोकगीताचा बाज कुठाय, असंही तिनं विचारलं. मी तिला दोन समूहगीतं ऐकवली. एक गंगा पार करवणाऱ्या नावाड्यांचं, दुसरं सेतू बांधणाऱ्या वानरांचं. या दुसऱ्यावर मी अधिकारानं बोलू शकतो, कारण मी आयुष्यभर पूल बांधले. बेली ब्रिजचं एक पॅनेल दहा फूट लांब आणि ५७० पौंडांचं असतं. ते सहा जवान उचलतात. सहाही जणांचा जोर एकाच क्षणी लागला नाही तर कोणाचं तरी बोट जातं. म्हणून एक जण हाक देतो आणि बाकीचे हुंकार भरतात. सेतूच्या गीतात नेमकं तेच आहे. हाक, उत्तर, आणि मध्ये उचलण्यापुरता श्वास. तरुणपणी एका सरावात मी ती चाल गुणगुणत होतो तेव्हा आमचा सुभेदार म्हणाला, "साहेब, हे गाणं ज्यानं केलं त्यानं वजन उचललेलं दिसतंय." माझ्या लेखी गीतरामायणाची याहून चांगली समीक्षा नाही.

आता सेक्टर २२ ची गोष्ट, जी मी आजवर कोणाला सांगितली नाही.

माझे सासरे लाहोरचे. फाळणीत लाहोर गेलं, पंजाबची राजधानीच गेली. सरकार काही वर्षं सिमल्याहून चाललं, मग १९५३ मध्ये इथं आलं. तेव्हा चंडीगड म्हणजे आंब्याची झाडं, शेतं आणि विटांचे ढीग. नाव सगळे ल कॉर्बुझियेचं घेतात, पण आमचा सेक्टर, सगळ्यात आधी वसलेल्यांपैकी एक, प्रामुख्यानं मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू या इंग्रज जोडप्याच्या हातचा. विटांची घरं, जाळीदार भिंती, मधोमध बाजार. मार्च १९५५ मध्ये नेहरूंनी इथल्या हायकोर्टाचं उद्घाटन केलं. माझी आई पुण्यात जिन्यात बसून राम वनवासाला निघाल्याचं ऐकत होती, तेव्हा पापाजी इथं उन्हात उभं राहून हे घर बांधून घेत होते.

बऱ्याच वर्षांनी, मी सुट्टीवर आलेलो असताना, खालच्या व्हरांड्यात माझी कॅसेट चालू होती. राम-भरत भेटीचं गीत. पापाजींना मराठीचा एक शब्द येत नव्हता, पण ते वर्तमानपत्र खाली ठेवून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, पुन्हा लाव. मग अर्थ विचारला. मी सांगितलं, की भरत चिडलाय, आईवर संतापलाय, आणि राम त्याची समजूत घालतोय की कोणालाच दोष देऊ नकोस, हे नशिबानं आलंय, माणसाच्या हातात फारसं काही नसतं.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "किसे दा कसूर नहीं? मैं ते नां वी दस सकदां." कोणाचाच दोष नाही? मी तर नावंही सांगू शकतो.

मी काय बोलणार? उठलो आणि चहा सांगितला. पण नंतर पाहिलं, त्या आठवड्यात त्यांनी ती कॅसेट स्वतःच्या हातानं तीनदा लावली. प्रत्येक वेळी त्याच गीतापर्यंत. तिथून पुढं कधी नाही.

हे मी मुलीला दिवाळीत पहिल्यांदा सांगितलं. तिचे नानाजी तिला आठवतात, पण हे माहीत नव्हतं. तिनं आजोबांच्या कपाटातून एक जुनी वही काढली, शिसपेन्सिलीनं एक ते छप्पन्न आकडे घातले आणि म्हणाली, प्रत्येकापुढं कोण बोलतंय ते लिहायचं, मराठीत. पहिल्या पानावर तिच्या हातचं 'कौसल्या' आहे. आधी तिनं 'कौशल्या' लिहिलं होतं, मग खोडून नीट केलंय.

आता दर शुक्रवारी सकाळी पावणेनऊला तिचा बंगळूरूहून फोन येतो. एका वेळी एकच गीत, जास्त नाही. मी फोन रेकॉर्डरजवळ धरतो, आधी पात्र सांगतो, मग अर्थ, मग गाणं. भरत-भेट झाली तेव्हा तिनं पुन्हा लाव म्हणून सांगितलं. मी लावलं. तिनं नानाजींचं वाक्य वहीत त्या गीतापुढं लिहून ठेवलंय, पंजाबीत, पण देवनागरी अक्षरांत.

सध्या आम्ही पंचवटीत पोचलोय. पुढच्या शुक्रवारी शूर्पणखा आहे.